एकट्याचाही संघच
(प्रस्तावना)

आपल्याकडे कॉलेजच्या क्विझला जाऊन आलेल्या बहुतेकांनी क्विझ पाहिलेली असते, खेळलेली नसते. सकाळी साठ संघ येतात, वीस-पंचवीस प्रश्नांची लेखी प्राथमिक फेरी होते, त्यातले आठ संघ स्टेजवर जातात आणि उरलेले बावन्न प्रेक्षकांत बसून "हे मला येत होतं" असं शेजाऱ्याला सांगत राहतात. यात कुणाचा दोष नाही. एक सभागृह, एक क्विझमास्टर आणि एक दुपार एवढ्या भांडवलावर दुसरं काही बसवणं कठीणच असतं. शिवाय स्टेजवरच्या चांगल्या अंतिम फेरीची मजा काही औरच, हे मी स्वतःहून कबूल करतो.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत 'क्विझ बोल' नावाचा जो खेळ वाढला, त्याने मात्र स्टेजच काढून टाकलं. बारा संघ आले तर सहा वर्गखोल्या उघडायच्या. प्रत्येक खोलीत एक प्रश्न वाचणारा, एक गुण लिहिणारा, टेबलावर बझरचा एक संच आणि समोरासमोर दोन संघ. सहाही खोल्यांत एकाच वेळी तेच प्रश्न वाचले जातात. सामना संपला की खोल्या बदलायच्या, प्रतिस्पर्धी बदलायचा, प्रश्नांचं नवं पाकीट उघडायचं. त्या पाकिटाला तिथे 'पॅकेट' म्हणतात. संध्याकाळी तळाला राहिलेला संघसुद्धा आठ-दहा पूर्ण सामने खेळून घरी जातो. बघायला कुणी नसतं, कारण आलेले सगळे खेळत असतात.

प्रस्तुत पुस्तक अशी स्पर्धा भरवण्याविषयी आहे. प्रश्न कसे सोडवावेत हे ते शिकवत नाही. हॉल कसा मिळवावा, तक्ता कसा आखावा आणि नऊ वाजता सुरू होणारी गोष्ट साडेपाचला कशी संपवावी, हे शिकवतं. त्यातही त्याचा रोख एका प्रश्नावर आहे, जो संयोजकाला दर वेळी पडतो आणि नियमपुस्तिकेत एका ओळीत आटोपलेला असतो: येणारे संघ सारख्या संख्येचे नसतात, त्यांचं काय करायचं?

आधी खेळ. एका वेळी एका बाजूने जास्तीत जास्त चार जण बसतात. प्रश्न दोन प्रकारचे. 'टॉसअप' हा दोन्ही संघांना खुला असतो. तो वाचला जात असतानाच कुणीही बझर दाबावा आणि एकट्याने उत्तर द्यावं, सल्लामसलत नाही. बरोबर आलं तर दहा गुण, आणि त्या संघाला तीन भागांचा 'बोनस', प्रत्येक भागाला दहा. बोनसवर मात्र कुजबुज चालते. वाचन मध्येच तोडून चुकीचं उत्तर दिलं तर बहुतेक स्पर्धांत पाच गुण जातात आणि उरलेला प्रश्न फक्त समोरच्या संघाचा होतो.

या शेवटच्या नियमाकडे नवख्यांचं लक्ष जात नाही, आणि या पुस्तकाचा पाया तिथेच आहे. एकाने चूक केली की त्याचा अख्खा संघ त्या प्रश्नातून बाद होतो. म्हणजे चौघांच्या संघाला एका टॉसअपवर चार संधी मिळत नाहीत, एकच मिळते, आणि एकट्या आलेल्या खेळाडूलाही तेवढीच. चौघांचा फायदा असतो तो वाचनाच्या रुंदीचा: एक जण रसायनशास्त्राचा, एक चित्रकलेचा, एक रोमन इतिहासाचा. तो फायदा मोठा आहे, पण त्यांनी तो अभ्यासाने कमावलेला असतो. नियमाने एकट्याला काहीही नाकारलेलं नाही. म्हणूनच अमेरिकेत एकट्याने खेळायला आलेला विद्यार्थी हा संघच मानला जातो. त्याचं नाव तक्त्यात एका ओळीत येतं आणि त्यालाही सगळे सामने मिळतात.

टॉसअप कसा रचतात हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नमुन्यादाखल एक मराठीत मांडतो. 'लांघणजच्या उत्खननात ह. धी. सांकलियांबरोबर काम केलेल्या या व्यक्तीने बर्लिनमधल्या पीएच.डी.साठी मानवी कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा अभ्यास केला. भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध झाला. वारीबरोबर पायी चालण्याच्या अनुभवावर यांनी लेख लिहिला. दहा गुणांसाठी, महाभारतातल्या व्यक्तिरेखांवरच्या "युगान्त"साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणाऱ्या, महर्षी कर्व्यांच्या या सुनेचं नाव सांगा.' उत्तर अर्थातच इरावती कर्वे. पण मानववंशशास्त्र वाचलेला पहिल्या वाक्यावर दाबेल, ललित लेख वाचलेला तिसऱ्यावर आणि शाळेत नाव ऐकलेला शेवटी. अवघडाकडून सोप्याकडे येणाऱ्या या रचनेला पिरॅमिड म्हणतात. ज्याला जास्त माहीत आहे त्याने आधी दाबावं, एवढाच तिचा हेतू. आपल्या स्पर्धांमध्ये 'महर्षी कर्व्यांची सून' हा दुवा सर्रास पहिल्या वाक्यात येतो, आणि मग ज्याची बोटं चपळ तो जिंकतो.

ही रचना खेळात पहिल्यापासून नव्हती. अमेरिकेत हा खेळ रेडिओवर जन्मला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी खेळल्या जाणाऱ्या एका खेळावरून डॉन रीड यांनी 'कॉलेज बोल' बेतला आणि 1953 साली तो एनबीसीवर सुरू झाला, निवेदक ॲलन लडन. 1959 मध्ये तो सीबीएसच्या पडद्यावर आला, पुढे पुन्हा एनबीसीकडे गेला आणि 1970 पर्यंत चालला. दोन्ही बाजूंना चार-चार विद्यार्थी, मधे निवेदक, वर घड्याळ. 1966 साली अ‍ॅग्नेस स्कॉट या मुलींच्या छोट्या कॉलेजने प्रिन्स्टनला 220-215 असं हरवलं, ती लढत तिथले लोक अजून सांगतात. ब्रिटनने 1962 मध्ये हाच आराखडा घेऊन 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' सुरू केला. बॅम्बर गॅस्कॉइन यांच्यानंतर जेरेमी पॅक्समन आणि आता अमोल राजन, असा तो टीव्हीवर टिकून राहिला.

टीव्हीवरून उतरल्यावर अमेरिकेतला कॉलेज बोल 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉलेजांच्या आवारात गेला आणि भांडणं सुरू झाली. खेळाडूंची तक्रार अशी, की प्रश्न आखूड आहेत, उथळ आहेत, अभ्यास करणाऱ्याला त्यात काही मिळत नाही. त्या नाराजीतून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांनीच एसीएफ ही संस्था उभी केली. तिथे घड्याळ नाही. प्रत्येक सामन्यात वीस टॉसअप पूर्ण वाचायचे. साहित्य, इतिहास, विज्ञान यांना मोठा वाटा, मग ललितकला, धर्म, पुराणकथा, तत्त्वज्ञान, समाजशास्त्रं. 1996 मध्ये एनएक्यूटी ही दुसरी संस्था निघाली. तिने घड्याळ ठेवलं, लवकर दाबणाऱ्याला दहाऐवजी पंधरा गुण दिले आणि चालू घडामोडी, खेळ, सिनेमा यांनाही जागा दिली. मूळ कॉलेज बोलची आवारातली स्पर्धा 2008 मध्ये थांबली. आज कॉलेजचा खेळाडू या दोन्ही संस्थांच्या स्पर्धा खेळतो आणि दोन्हींविषयी कुरकुरतो. माझं मत विचाराल तर वाचनाचं खरं बक्षीस एसीएफच्या प्रश्नांत आहे. पण नवख्या कॉलेजला पहिल्याच दिवशी ते दिलं तर दुसऱ्या वर्षी कुणी येणार नाही. एसीएफलाही हे कळतं. म्हणून तिच्या पानगळीच्या मोसमातल्या स्पर्धेचे प्रश्न सोपे असतात आणि राष्ट्रीय स्पर्धेचे फार अवघड.

या खेळाची विश्वासार्हता कशावर उभी आहे हे 2013 साली दिसलं. संघातल्या एका खेळाडूला प्रश्नांच्या सुरुवातीची अक्षरं दिसू शकतील अशा अंतर्गत पानांपर्यंत पोचता आलं होतं, असं उघड झाल्यावर एनएक्यूटीने हार्वर्डची चार विजेतेपदं काढून घेतली. ती माहिती सामन्यात वापरली, असा थेट पुरावा नव्हता. तरीही काढून घेतली. एकच संच वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या दिवशी वाचला जातो आणि सगळी भिस्त खेळाडूंनी तोंड बंद ठेवण्यावर असते, हे लक्षात घेतलं की ती कडक शिक्षा समजते. संयोजकाचं पहिलं काम म्हणूनच पाकिटं कुलूपबंद ठेवणं हे आहे. संच आधी ऐकलेला मित्र कितीही हुशार असला तरी त्याला खेळू द्यायचं नाही. प्रश्न वाचायला बसवायचं.

आता संख्येकडे. नियम 'चारपर्यंत' म्हणतो आणि वास्तव मनाला येईल तसं वागतं. एका विद्यापीठाच्या क्लबातून सात जण येतात. दुसरीकडून दोघी येतात, कारण तिसरीची परीक्षा आहे. एक जण रात्रभर बसने एकटा येतो. चौघांच्या एका संघातले दोघे सकाळी उठतच नाहीत आणि अकरा वाजता डोळे चोळत हजर होतात. आयोजक बिचारा नोंदणीच्या टेबलाशी बसून अकरा नावं मोजतो. अकरा ही वाईट संख्या आहे. अकरा संघांची पूर्ण साखळी लावली तर प्रत्येक फेरीत एक संघ बसून राहणार आणि अकरा फेऱ्या लागणार. फेरीला चाळीस मिनिटं धरली तर जेवण सोडून सात तास वीस मिनिटं.

इथे सात जणांच्या क्लबला विचारायचं, की चार आणि तीन असे दोन संघ कराल का? ते हो म्हणाले की संघ झाले बारा. सहा-सहांचे दोन गट, पाच फेऱ्या, कुणालाही बसून राहायचं नाही. साडेनऊला सुरुवात केली तर एकला दहा मिनिटं कमी असताना सगळे जेवायला मोकळे. जेवणाच्या वेळात गटांची फेररचना करायची: दोन्ही गटांतले वरचे तीन-तीन एकत्र, खालचे तीन-तीन एकत्र. आपल्याच गटातल्या दोघांशी झालेल्या सामन्यांचे निकाल पुढे न्यायचे, दुसऱ्या गटातल्या तिघांशी नवे सामने खेळायचे. दोन ते चार तीन फेऱ्या, मग अंतिम सामना. वरच्या गटात एक संघ एका विजयाने पुढे असेल तर त्याला अंतिमचा एकच सामना जिंकायचा असतो आणि दुसऱ्याला लागोपाठ दोन. नऊ-दहा पाकिटांत सगळं बसतं, बरोबरी सोडवायला एखादं शिल्लक राहतं.

म्हणजे संघ लहान-मोठे असणं ही डोकेदुखी तर आहेच, पण तक्ता जुळवायचं हत्यारही तेच आहे. मोठा क्लब फोडून एक संघ वाढवता येतो. यजमान कॉलेजच्या मोकळ्या स्वयंसेवकांचा घरचा संघ उभा करून रिकामी जागा भरता येते. त्याचे निकाल क्रमवारीत धरायचे नाहीत एवढंच. यातलं प्रत्येक पाऊल पहिली फेरी सुरू होण्याआधी उचलायचं असतं. एकदा पहिलं पाकीट वाचलं गेलं की कुणीही संघ बदलायचा नाही. दुपारी कुणाची कीव आली म्हणून दोघांच्या संघात तिसरा घातला, तर सकाळचे त्यांचे सगळे निकाल निरर्थक होतात. आणि तक्ते नेहमी तीन छापावेत: नोंदवलेल्या संख्येचा, एक कमी असलेल्याचा, एक जास्त असलेल्याचा. लेखकांनी हा सल्ला ठळक अक्षरांत दिला आहे. त्याची गरज सकाळी सव्वानऊला कळते.

गुणतक्त्यावरही संख्येची सावली पडते. एकट्या खेळाडूचे वैयक्तिक गुण चौघांतल्या तितक्याच चांगल्या खेळाडूपेक्षा सहज जास्त दिसतात, कारण त्याचे टॉसअप पळवायला शेजारी जोडीदार नसतो. म्हणून जाणकार प्रत्येकाने किती टॉसअप ऐकले याचा हिशेब ठेवतात आणि अर्धाच सामना खेळलेल्याचे गुण त्या प्रमाणात मांडतात. संघाची ताकद बघायची तर दर बोनसला सरासरी किती गुण मिळाले हे पाहतात. तीसपैकी बावीस काढणारा एकटा माणूस कुठल्याही खोलीत गेला तरी समोरचे चौघे खुर्चीत सावरून बसतात.

पैशाचा भागही यातच येतो. अमेरिकेत प्रवेशशुल्क संघामागे असतं. तसंच ठेवलं तर एकटा आलेला विद्यार्थी चौघांचे पैसे एकटाच भरतो. म्हणून अनेक आयोजक कमी खेळाडूंच्या संघाला सवलत देतात. लांबून येणाऱ्याला सवलत, स्वतःचा बझर आणणाऱ्याला सवलत, प्रश्न वाचायला माणूस देणाऱ्याला सवलत, हीसुद्धा तिथली रूढ पद्धत आहे. त्यातली शेवटची सगळ्यात मोलाची. खोल्या मिळतात, बझर उसने मिळतात, पण वीस टॉसअप आणि बोनस न अडखळता, योग्य उच्चारांत, पस्तीस मिनिटांत वाचणारी माणसं मिळत नाहीत. वाचणारा संथ असला की त्याच्या खोलीमुळे पुढची फेरी सगळ्यांसाठीच लांबते.

आपला प्रवास वेगळ्या वाटेने झाला. कोलकात्यात 1967 साली नील ओब्रायन यांनी पहिली खुली क्विझ घेतली. 1972 पासून 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' रेडिओवरून हमीद सयानी आणि पुढे अमीन सयानी यांच्या आवाजात घरोघरी गेली. 1983 मध्ये बंगळुरात कर्नाटक क्विझ असोसिएशन उभी राहिली, 1985 मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' आला. पुण्यात सीओईपीच्या बोट क्लबचं नाव लावणाऱ्या क्विझ क्लबने कॉलेज सुटलेल्यांनाही खेळत ठेवलं. आपल्या क्विझमास्टरांनी जे घडवलं ते साधं नाही. उत्तर माहीत नसतानाही तर्काने गाठता येईल असा प्रश्न, सगळ्या संघांना फिरत जाणारा 'बाउन्स', पाळी नसतानाही चिठ्ठीवर उत्तर देऊन जोखीम घेणारा 'पाउन्स', हे सगळं अमेरिकन खेळात नाही. आणि एकट्याने येणाऱ्याला आपणही मान देतो. 'लोन वुल्फ' म्हणून त्याला कित्येक ठिकाणी वेगळं बक्षीस असतं. पण बक्षीस मिळतं एकालाच. प्राथमिक फेरीत बाहेर पडलेले बाकीचे एकांडे पहिल्या तासानंतर मोकळे असतात.

पुस्तक आत्ताच का, याचं एक कारण अगदी व्यावहारिक आहे. बझरच्या महागड्या पेट्यांवाचून हा खेळ पूर्वी अडायचा. महासाथीच्या काळात अमेरिकेतले सामने डिस्कॉर्डवर गेले आणि फोनवरचा बझर सगळ्यांच्या सवयीचा झाला. जुने प्रश्नसंच शेकड्यांनी जालावर मोफत वाचायला मिळतात. तालुक्याच्या कॉलेजला आता सहा वर्गखोल्या, वाचणारे आणि गुण लिहिणारे मिळून बारा उत्साही जण आणि एक रविवार एवढंच जमवायचं आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे स्पर्धा परीक्षांच्या नादाने मुलं प्रचंड वाचतात, आणि त्या वाचनाची कसोटी चार पर्यायांतून एक निवडण्यात संपते. पिरॅमिडच्या धाटणीचे प्रश्न मराठीत, मराठी विषयांवर, फारसे कुणी लिहिलेलेच नाहीत. तमाशा, सत्यशोधक चळवळ, मराठी रंगभूमी, सह्याद्रीचा भूगोल, गोव्यातली ख्रिस्ती मराठी ग्रंथपरंपरा, एवढा कच्चा माल पडून आहे.

लेखकांनी संस्थांचा इतिहास मोजकाच दिला आहे आणि प्रश्नलेखनावर एकच प्रकरण ठेवलं आहे. त्यावर स्वतंत्र पुस्तक हवं. इथे भर आहे तो तक्ते, वेळ, माणसं आणि पैसा यांवर, तेही पाच संघांपासून चोवीस संघांपर्यंत. अमेरिकन पद्धत जशीच्या तशी उचलण्याचा त्यांचा आग्रह नाही. सकाळी वर्गखोल्यांत साखळी आणि संध्याकाळी सभागृहात स्टेजवर अंतिम सामना, असा एक मिश्र आराखडा त्यांनी सुचवला आहे, आणि आपल्या महोत्सवांना तो शोभेल असं मला वाटतं.

एका जागी माझं त्यांच्याशी जमत नाही. तेरा संघ झाले आणि त्यांत दोन एकटे असतील, तर त्यांची जोडी लावून बारा करावेत, असं ते म्हणतात. गणिताने ते बरोबर आहे. तेरांची पूर्ण साखळी एका दिवसात मावत नाही, आणि सात-सहाच्या गटांत एका बाजूला सात फेऱ्या लागतात, दुसऱ्या बाजूला पाच. पण एकट्याने येणारा पुष्कळदा मुद्दाम एकटा आलेला असतो. आपण स्वतः किती जाणतो हे त्याला बघायचं असतं. त्याला आदल्या रात्री फोन करून विचारावं, सकाळी टेबलाशी गाठून गळ घालू नये. तो नाही म्हणाला तर घरचा संघ उभा करून चौदा करावेत आणि सात-सातांच्या दोन गटांत प्रत्येकाला एकेक फेरी चहाला मोकळी द्यावी. अमेरिकन टीव्हीनेही 2021 साली कॉलेज बोल परत आणताना चारांऐवजी तिघांचे संघ केले. म्हणजे चार ही संख्याही काही कुणी दगडावर कोरलेली नाही. लेखकांचा तेरांचा तक्ता आणि मी म्हणतो तो चौदांचा, दोन्ही परिशिष्टात शेजारी शेजारी छापायचं त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं आहे. संयोजकाने दोन्हींच्या प्रती काढून नोंदणीच्या टेबलावर ठेवाव्यात.